विश्रांतीचा दुसरा भाग

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील. जावईबापूंची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, सोफ्यात लोळायचं सोडा म्हणजे पाठ आपोआप सरळ होईल. लेकराला दात आला का, की अजून नुसती लाळच गाळतोय? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण मी फोनवर आले की तुझ्याकडची रेंज नेमकी जाते. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला रेंज लागत नाही, आणि मध्येच 'आई, नंतर बोलते हं' असं म्हणून ते तोडताही येत नाही.

तू वाढदिवसाला दिलेली भेट मी वापरली. त्याबद्दल कळवायचं राहूनच गेलं होतं.

खरं तर मी जाणार नव्हते. स्वतःच्या अंगाला दुसऱ्याकडून दाबून घ्यायचं, हा काय प्रकार! पण सूनबाई मागेच लागली. म्हणाली, "आई, ताईंनी एवढ्या प्रेमानं दिलंय. आज तुम्ही काही करायचं नाही, फक्त आराम करायचा." माझ्याशी एवढं गोड ती लग्नाच्या दिवशी बोलली होती, त्यानंतर आत्ताच. मी मनात म्हटलं, सुधारली वाटतं. माणूस म्हातारं झालं की खुळं होतं ते असं.

तिनं गाडीनं नेऊन सोडलं. आराम विकायचं दुकान म्हणजे कसं असेल याची मला कल्पना नव्हती. काचेचं दार, आत गुळगुळीत फरशी, मंद उजेड, आणि कुठूनतरी सारखा पाण्याचा आवाज. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "अगं, आत कुठेतरी नळ उघडा राहिलाय." तर ती हसून म्हणाली, "नाही मॅडम, तो आवाज मुद्दाम लावलाय." घ्या! पाणी प्यायला विचारलं नाही, पण ऐकवलं मात्र भरपूर.

तुझी भेट होती ती शिआत्सू नावाची जपानी अंगदाबणी. उच्चारताना शिंक आल्यासारखं वाटतं, पण प्रकार बरा आहे. तेल लावायचं नाही, अंग उघडं टाकायचं नाही, हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्यांनीच एक सैल सुती पायजमा आणि सदरा दिला. माझे कपडे एका कपाटात ठेवून किल्ली मनगटाला अडकवली. मग एका छोट्या खोलीत नेलं. तिथं पलंगही नव्हता, जमिनीवर जाड गादी घातलेली. मला वाटलं, पलंगाचे पैसे वाचवलेत. पण नाही, तीच पद्धत आहे म्हणे, कारण दाबणारीला आपल्यावर वरून झुकता यावं लागतं.

दाबणारी मुलगी तिशीतली असेल. रुंद मनगटं, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कंटाळा. मी आत गेले तेव्हा ती जांभई गिळत होती. मला पालथं झोपवलं आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवले. ती दाबत नव्हती, नुसता आपला भार टाकत होती. टाकायची, तसंच थोडं थांबायची, काढायची, आणि मग बोटभर खाली सरकायची. प्रत्येक वेळी म्हणायची, "श्वास सोडा." मी जन्मभर मैदानावर शिट्टी वाजवून दुसऱ्यांना श्वास घ्या, श्वास सोडा म्हणत आले. मला कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"मावशी, खांदे सोडा," ती म्हणाली.

"सोडलेत."

"नाही सोडलेत."

"अगं, माझे खांदे असेच आहेत. कवायत शिकवायचे मी. शाळेतली पोरं म्हणायची, बाईंच्या खांद्यांना पट्टी लावून रेघ मारावी."

"इथं पोरं नाहीत. सोडा."

फटकळ होती. मला आवडली. तिचा एक हात माझ्या कमरेवर नुसता टेकलेला होता आणि सगळं काम दुसराच करत होता. मी म्हटलं, "या हाताला पगार मिळत नाही का? त्यालाही कामाला लाव." तर म्हणाली, "तो आईचा हात. आमच्या कामात त्याला असंच म्हणतात. तो एका जागी राहतो. फिरतो तो लेकराचा हात. दोन्ही हात एकदम उचलायचे नसतात, माणूस दचकतं." मी म्हटलं, वा, म्हणजे इथंही आईनंच एका जागी पडून राहायचं आणि लेकरांनी गावभर फिरायचं! त्यावर ती पहिल्यांदा हसली.

मग मानेपाशी आली आणि म्हणाली, "तुम्हाला बऱ्याच दिवसांत कुणी हात लावलेला दिसत नाही."

मला राग आला. मी काय दुकानातली काचेची बरणी आहे? तिला खडसावणार होते, पण तेवढ्यात तिनं खांद्याच्या टोकाशी एक जागा धरली आणि मला बोलताच येईना. पुढचं लिहिणार नव्हते, पण लिहिते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी रडले नाही. रडताना माणसाला कारण ठाऊक असतं, मला नव्हतं. त्या मुलीनं नाकाखाली एक रुमाल सरकवला आणि पुढचा खांदा घेतला. रोज कुणी ना कुणी रडत असणार तिथं. मग मला झोप लागली, आणि घोरलेसुद्धा. ते तिनंच नंतर सांगितलं.

उठल्यावर काहीतरी गरम, पाला उकळलेलं पाणी दिलं. म्हणाली, "आज अंग असंच सैल राहील. घाई करू नका, जड उचलू नका, कुणाशी वाद घालू नका." सूनबाई बाहेरच्या सोफ्यावर बसली होती. तिनं हे ऐकलं आणि समंजसपणे मान डोलावली.

इथपर्यंत तुझ्या भेटीबद्दल मनापासून आभार. आता पुढचं.

कपडे बदलायला निघाले तर सूनबाई म्हणाली, असू देत, तेच घालायचेत अजून. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, अजून दुसरा भाग राहिलाय, विश्रांतीचा. तो त्यांच्या दुसऱ्या इमारतीत असतो." मी विचारलं नाही कुठली इमारत, किती वेळ, कशासाठी. गॅसवाल्याचं ओळखपत्र बघितल्याशिवाय मी दार उघडत नाही, हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मी मान मागे टाकून बसले होते आणि मला सगळं जग चांगलं वाटत होतं. मी तिला म्हटलंसुद्धा, "तू गाडी छान चालवतेस हो." ती काचेतून पुढे बघत राहिली.

दुसरी इमारत शहराबाहेर, झाडांत. आत पांढरे पडदे, मऊ सपाता, गुळगुळीत फरशी. एका बाईंनी हसत स्वागत केलं. मी त्यांना साखरबाई म्हणते, कारण त्यांच्या तोंडून प्रत्येक वाक्य पाकात बुडवून येतं. त्यांनीही काहीतरी गरम प्यायला दिलं. मला वाटलं, दुकान मोठं आहे, दोन दोन इमारती म्हणजे चांगलंच चालत असणार. मग साखरबाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आमचा एक नियम आहे. आम्ही ज्याला त्यालाच विचारतो. तुम्ही इथं स्वतःच्या मर्जीनं आलात ना? राहायला आवडेल ना?"

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "मर्जी? अहो, आता उचलून बाहेर टाकाल तेव्हाच जाईन मी!"

सगळे हसले. साखरबाई हसल्या, चहा आणणारी हसली, आणि सूनबाई तर तोंडावर हात धरून हसली. दुसरा हात फोनवर होता. मीही हसले. मला वाटलं, मी चांगला विनोद केला.

मग मला एका खोलीत नेलं. म्हणाल्या, जरा पडा. मी पडले. जागी झाले तेव्हा खिडकीबाहेर संध्याकाळ झाली होती, पलीकडच्या पलंगावर एक बाई पाय चोळत बसली होती, आणि माझ्या पलंगाखाली माझी निळी बॅग होती. मी म्हटलं, "आमची सूनबाई कुठं आहे?" ती बाई म्हणाली, "सगळ्यांच्याच जातात हो दुपारच्या. नवीन आहात ना? सकाळी गरम पाणी लवकर संपतं, आधी उठत जा." मला भीती वाटली. मी कुणालाच कधी हे सांगितलेलं नाही, पण त्या खोलीत मला लहान पोरीसारखी भीती वाटली.

साखरबाईंच्या टेबलावरून धाकट्याला फोन लावला. त्या तिथंच बसून असतात, कान आमच्याकडे. मी म्हटलं, "अरे, मला घ्यायला ये." तर तुझा भाऊ म्हणतो, "आई, पण तू स्वतःच हो म्हणालीस. किती खूश होतीस! तिनं व्हिडिओ काढलाय." तो व्हिडिओ तुलाही आला असेल. मी कशी दिसते त्यात? ते बिनइस्त्रीचे सुती कपडे, विस्कटलेले केस, लाल नाक. शाळेतल्या पोरांनी बघितला तर विश्वास ठेवणार नाहीत. घरातल्या सगळ्यांनी मात्र ठेवला.

मी म्हटलं, "मला माझ्या खोलीत परत यायचंय." तो म्हणाला, "तिथं आता मुलाचं टेबल लावलंय." माझी गादी अजून गरम असेल इतक्यात टेबल! मग त्यानं ते गॅसचं काढलं. म्हणे, दोनदा राहिला चालू. मी एकदाच मानते. आणि मी नातवाला जेवताना ताठ बसवते, ते त्याला सहन होत नाही. म्हणून काय आईला उचलून झाडांत ठेवायचं? पोरगं पाठीत वाकलं तर उद्या मलाच नावं ठेवतील.

मी हे सगळं तुला का सांगतेय, असं तुला वाटेल. तू लांब राहतेस, तुला काय माहीत. पहिले काही दिवस मीही तसंच म्हणत होते. पलीकडच्या बाईला सांगत होते, "माझी लेक आली की बघा कसा धिंगाणा घालते ते. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून भिंगरी म्हणायचे तिला. तिला अजून कळलं नाहीये, नाहीतर आतापर्यंत दारात उभी असती." ती बाई रोज ऐकून घ्यायची. तिला दुसरं कामही नसतं.

मग पहिले कपडे धुवून आले.

इथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्याला आतून खोलीचा आकडा शिवलेला लागतो. ते काम घरच्यांनी आधी करून पाठवायचं असतं. माझ्या सगळ्या कपड्यांना शिवलेला होता. गाऊनच्या गळ्याशी, परकराच्या नाडीपाशी, थंडीच्या स्वेटरला, अगदी रुमालांनासुद्धा, निळ्या दोऱ्यानं, बावीस. सूनबाईला तर तुटलेलं बटण लावता येत नाही. मी एक गाऊन उलटा करून खिडकीशी नेला. गाठ बाहेरच्या अंगाला ठेवलीय, आणि टाके उजवीकडून डावीकडे न जाता उलटे गेलेत. डावऱ्या हाताची माणसं तसे घालतात. आपल्या घरात डावरी एकच आहे. तिला सुई धरायला मीच शिकवलं, आणि गाठ आतल्या अंगाला घे, आतल्या अंगाला घे, म्हणून ओरडून घसा कोरडा केला. शेवटपर्यंत जमलं नाही तुला.

गेल्या सुट्टीत तू आली होतीस. माझ्या खोलीत दार लावून बसायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "अगं, कपडे उसवलेत तुझे सगळे, टाके घालून देते." मी बाहेर व्हरांड्यात बसून शेजारणीला सांगत होते, "बघा, लेक असावी तर अशी. चार दिवस सुट्टीला आली तरी आईचे कपडे शिवत बसलीय." ती शेजारीण तिच्या लेकीला नावं ठेवायला लागली माझ्यामुळं.

म्हणजे तेव्हा खोली ठरली होती. पलंगही ठरला होता. भेटसुद्धा म्हणूनच ना? सूनबाईला मला घराबाहेर काढून, मऊ करून, इकडं आणायला काहीतरी हवं होतं, आणि मी तिच्याबरोबर कुठंही गेले नसते. तुझ्या नावानं गेले. शिआत्सू कुणी सुचवलं गं? तूच असणार. सूनबाईला एवढं सुचत नाही.

मला तुझा फार राग येतोय. धाकट्याचा येत नाही, तो पहिल्यापासून बायकोच्या तोंडाकडे बघून बोलतो. सूनबाईचा तर हक्कच आहे, ती माझं काही लागत नाही. पण तू त्या खोलीत बसून, मी बाहेर असताना, माझ्या रुमालांना आकडे घालत होतीस. मला आत चहा आणून दे म्हणालीस, आणि मी आणून दिला.

आता कामाचं लिहिते. इथला नियम असा आहे की महिन्याच्या शेवटच्या रविवारी साखरबाई नव्या माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारतात, घरचं कुणीतरी समोर असताना. तेव्हा 'नाही' म्हटलं, तर जे घरचं माणूस हजर असेल त्यानं त्याच दिवशी सोबत घेऊन जायचं. 'हो' म्हटलं, तर जागा कायमची, मग कुणी विचारत नाही. धाकट्यानं आधीच कळवलंय, त्याला त्या दिवशी काम आहे. म्हणजे तूच उरलीस.

तू ये. मला तुझ्याकडे कायमची राहायची हौस नाही, जावईबापूंच्या पाठीकडे बघत बसायला मला आवडणार नाही. एखादी भाड्याची खोली बघीन, माझं मी करीन. पण इथून मला 'नाही' म्हणून बाहेर पडायचंय, आणि त्यासाठी तू शेजारी उभी पाहिजेस. बोलायचं काही नाही तुला. मी बोलेन. आयुष्यभर मैदानावर 'नाही, पुन्हा, पहिल्यापासून' असंच ओरडत आले मी. या वेळी कुणी पाला उकळून पाजला तरी पिणार नाही.

लेकराला पापा. जावईबापूंना काही सांगू नकोस.

तुझी,
आई

ता. २१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझा फोन साखरबाईंनी घेतला, मला निरोप मिळाला. येतेस म्हणे. पत्रातल्या कशालाच तू उत्तर दिलं नाहीस, पण येतेस म्हणालीस, तेवढं पुरे आहे.

मी तयारीला लागलेय. छोट्या कात्रीनं सगळ्या कपड्यांचे आकडे उसवले. तुझे टाके फार घट्ट असतात, दोन रुमाल फाटले. कपडे धुवायला देता येत नाहीत म्हणून इथल्या बाया ओरडतायत, ओरडू देत. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. पलीकडच्या बाईला म्हटलं, माझा खिडकीकडचा पलंग तुम्ही घ्या. ती म्हणाली, आधी जा तर खरं. लोकांना चांगलं बघवत नाही.

रागावून लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. लिहिताना माझा हात जरा जास्तच चालतो. सकाळी लवकर नीघ. टॅक्सी करून ये, बॅग जड आहे.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. ३१ मार्च

भिंगरीस,

तू नीट पोचलीस हे साखरबाईंकडून कळलं. बरं झालं.

आज पुन्हा कपड्यांना आकडे घालतेय. इथली एक बाई शिकवायला आली होती, मी तिला हाकललं. शिवता येतं मला.

रविवारचं मी मनात पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. कुठं चुकलं ते शोधत होते. सकाळपासून मी ताठ बसून होते. केस विंचरले, बूट घातले, पलंगावर बॅग काढून ठेवली. तू आलीस तेव्हा मी उठून उभी राहिले. तू बारीक झालीयस, हे माझ्या मनात आलं, आणि खांदे तुझे अजून पुढे पडतात, हेही आलं. बोलले मात्र नाही. मला वाटलं, आज काही बोलायचं नाही, आज ती मला न्यायला आलीय.

साखरबाईंना यायला वेळ होता. मी पुन्हा पलंगावर टेकले, आणि तू माझ्या मागे जाऊन बसलीस. म्हणालीस, "आई, किती आखडलीयस गं. मान दुखते का?" मी म्हटलं, "नाही." तो 'नाही' मला अगदी चांगला आला होता. मग तू अंगठे टेकवलेस.

तू तिथं बसतेस, एवढ्या जवळ, हेच मला नवीन होतं. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून आपण कुणी कुणाला हात लावलेला मला आठवत नाही. आपल्या घरात ती पद्धतच नव्हती. आणि तुला नेमकी जागा माहीत होती. कुठं शिकलीस? फोनवर बघून, की त्या दुकानातल्या मुलीलाच विचारलंस, माझ्या आईची कुठली जागा धरली होती म्हणून? तू दाबत नव्हतीस, भार टाकत होतीस. मी श्वास सोडला. कुणी सांगितलं नव्हतं तरी सोडला. मला वाटलं, माझी लेक आहे. मला वाटलं, एवढ्या सगळ्या वर्षांनी तिनं मला हात लावलाय, आता काहीही होऊ दे.

साखरबाई आल्या, खुर्ची ओढली. म्हणाल्या, "आजी, आज पुन्हा विचारते हं. नीट विचार करून सांगा. इथं राहायला आवडेल ना?"

शब्द तोंडाशी होता. मी तो इतके दिवस घोकला होता. तुझे अंगठे खांद्याच्या टोकाशी आले आणि तिथंच थांबले. मला एवढंच कळत होतं की मी 'नाही' म्हटलं तर तू हात काढशील, उठशील, बॅग उचलावी लागेल, टॅक्सी, भाड्याची खोली, जावईबापूंचं तोंड, सगळं सुरू होईल. आणि 'नाही' म्हटलं नाही, तर तू अशीच बसशील.

मी म्हटलं, "राहते."

साखरबाई म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, "हो, हो. राहते." आवाजही माझा चांगला मोठा होता.

आणि तुझे हात निघाले. दोन्ही एकदम. एक दाब अर्धाच झाला होता. मी वळून बघितलं तर तू पर्समध्ये काहीतरी शोधत होतीस. म्हणालीस, "चल आई, निघते. टॅक्सी थांबवून ठेवलीय."

तू टॅक्सी सोडलीच नव्हतीस. बॅग माझी नेण्यासाठी थांबवलीस असं मी क्षणभर धरून चालले. मग तू ती बॅग पलंगावरून उचललीस आणि पलंगाखाली सरकवलीस, पायानं. हातानं सरकवली असतीस तरी चाललं असतं.

पलीकडची बाई म्हणाली, "किती प्रेमळ आहे हो तुमची मुलगी. आमच्या कुणी कधी असे खांदे दाबले नाहीत." मी तिला म्हटलं, "हो, लहानपणापासून तशीच आहे ती." काय सांगणार होते तिला? ती अजून खिडकीकडच्या पलंगाबद्दल विचारते.

मी तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. खोडलं. देते. सूनबाईनं मला फसवलं तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं म्हणता येतं. तू मला फसवलंस तेव्हा सगळं माहीत होतं मला, तरी मी तुझ्या हाताखाली मान टाकून बसले. परकी बाई असती तर मी 'नाही' म्हटलं असतं. तुझे हात होते म्हणून म्हटलं नाही, आणि ते तुला माहीत होतं. भावाला यातलं काही जमलं नसतं. तुला जमलं.

एक विचारते, पण उत्तर पाठवू नकोस. अंगठे टेकवलेस त्या पहिल्या क्षणी, साखरबाई यायच्या आधी, तेव्हा तरी तुला आईला हात लावावासा वाटला होता का? नको सांगूस. हो म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन, आणि नाही म्हणालीस तर मला इथं जगणं कठीण होईल.

इथं बरं आहे. जेवण वेळेवर मिळतं. सकाळी मी अंगणात चार बायांना हात वर करायला, मान फिरवायला लावते. दोघी रडतात आणि दोघी ऐकतात. म्हणजे शाळेसारखंच.

भेटायला यायचं असेल तर ये, मी अडवणार नाही. लेकराला घेऊन ये, मला त्याचे दात बघायचेत. पण आल्यावर माझ्या मागे जायचं नाही. समोरच्या खुर्चीत बसायचं, ताठ, आणि दोन्ही हात मला दिसतील असे मांडीवर ठेवायचे.

तुझी,
आई